खिशातलं पिस्तूल: रुगर एलसीपी मॅक्सबद्दल सारखे येणारे प्रश्न

मार्चमध्ये पिस्तूल घेतलं. बायको सोडून कोणालाही सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणजे एप्रिल उजाडेपर्यंत ह्यूस्टनच्या अर्ध्या मराठी लोकांना माहीत झालेलं. तेव्हापासून मंडळाच्या पिकनिकला, फोनवर, व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतायत, पुण्याहून आतेभावाचेसुद्धा, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी इन्स्ट्रक्टर नाही, वकील तर अजिबात नाही. तीन महिने, साधारण चारशे गोळ्या, एवढाच अनुभव. कायद्याचं जे लिहिलंय ते टेक्सासचं आणि अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याचं, तुमच्या राज्यातलं तुम्ही बघा.

१. नक्की काय घेतलंयस?

रुगर कंपनीचं एलसीपी मॅक्स. मूळ एलसीपी २००८ मध्ये आलं, त्यात ६ गोळ्या मावायच्या, मग २०१६ मध्ये एलसीपी टू आणि २०२१ मध्ये हे मॅक्स. यात मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, १० आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला झाडायला तयार, एक. लांबी १३ सेंटिमीटर, उंची साडेदहा, जाडी अडीचच्या आत, म्हणजे तीन मोबाइल एकावर एक ठेवा, जाडी तेवढी. रिकामं वजन ३०० ग्रॅम, भरलं की ४०० च्या आसपास जातं. दुकानात ३००-३५० डॉलरला मिळतं.

२. हे ९ एमएमच ना?

हो आणि नाही. गोळीचा व्यास जवळपास तोच, पण काडतूस (गोळी, दारू आणि पुंगळी मिळून) आखूड. नेहमीचं ९ एमएम म्हणजे ९ बाय १९ (व्यास आणि पुंगळीची लांबी, मिलिमीटरमध्ये), हे ९ बाय १७. अमेरिकेत याला .३८० एसीपी म्हणतात, जर्मन लोक ९ एमएम कुर्झ, इटलीत ९ एमएम कोर्टो. जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलं आणि कोल्टने १९०८ मध्ये बाजारात आणलं, म्हणजे काडतूस आपल्या पणजोबांच्या काळातलं. आखूड असल्यामुळे दारू कमी आणि ताकदही कमी, ढोबळमानाने ९ एमएमच्या साठ टक्के धरा, आणि नळी पावणेतीन इंचाची असल्यामुळे त्यातूनही थोडं जातं.

एक मित्र म्हणाला, "मग काय खेळणंच की." त्याला एवढंच सांगितलं की १९१४ मध्ये सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं ते एफएन कंपनीचं १९१० मॉडेल याच काडतुसाचं होतं, आणि ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींवर झाडलं गेलं ते बेरेटा एम १९३४ पण याच काडतुसाचं. त्यानंतर तो गप्प बसला.

३. दुकानात हातात घेतल्यावर पहिलं काय वाटलं?

पहिलं हेच की हे खरं आहे का. काउंटरवरच्या माणसाने मॅगझिन काढलं, स्लाइड (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर रिकामं दाखवलं आणि माझ्या हातात दिलं, तर हातात काही आहे असं वाटेचना. लहानपणी दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल असायचं ना, ते बहुतेक जास्त जड होतं. खालचा भाग सगळा प्लॅस्टिकचा, वर स्टीलची स्लाइड.

दुसरं, करंगळीला जागाच नाही. दोन बोटं मुठीवर बसतात आणि करंगळी खाली हवेत लटकते. डब्यात मॅगझिनचं एक जादा बूड येतं, ते लावलं की करंगळी टेकते पण तेवढंच ते खिशात वर येतं. मी रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, लावतो, खिशात ठेवताना काढतो, आणि हे चुकीचं आहे असं मला दोन जणांनी सांगितलंय, कारण ज्या पकडीची प्रॅक्टिस तीच पकड खिशात हवी. पटतंय, अजून वळलेलं नाही.

तिसरी गोष्ट चांगली वाटली. या साइजच्या जुन्या पिस्तुलांवर नेम धरायला नुसता एक उंचवटा असायचा, दिसायचाच नाही. मॅक्सला पुढे ट्रिटियमचा ठिपका आहे, पांढऱ्या कड्यातला, अंधारात बारीक हिरवा चमकतो. चाळिशीनंतर, चष्मा असताना, याचं महत्त्व कळतं.

४. रेंजवर कसं चालतं? झटका किती बसतो?

इथे थोडं लांबवणार आहे, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. लोकांना वाटतं लहान पिस्तूल म्हणजे लहान झटका, नवशिक्याला बरं. बरोब्बर उलटं आहे. काडतूस लहान असलं तरी झटका शोषून घ्यायला पिस्तुलाला वजनच नाही, मग तो सगळा तुमच्या हातात येतो. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं असतं ना, तिथे बसतो. पहिल्या दिवशी ऐंशी गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी पोळीचा तुकडा मोडताना हात दुखत होता. म्हणजे असह्य वगैरे काही नाही, पण मजाही नाही, चापट बसल्यासारखं. मोठ्या स्टीलच्या पिस्तुलाने दीडशे गोळ्या हसत झाडता येतात, इथे पन्नासनंतर पुरे वाटतं.

नेमाचं सांगायचं तर सात यार्डावरून पहिल्या मॅगझिनच्या दहातल्या सहा जेवणाच्या ताटाएवढ्या गोलात, बाकीच्या चार खाली डावीकडे कुठेतरी, एक तर कागदालाच नाही. शेजारच्या लेनमधले एक आजोबा, सत्तरीचे तरी असतील, बराच वेळ बघत होते, शेवटी म्हणाले की तू गोळी सुटायच्या आधीच झटक्याला घाबरून मनगट खाली दाबतोयस. मग त्यांनी एक गंमत केली, माझ्या मॅगझिनमध्ये खऱ्या गोळ्यांमध्ये दोन-तीन नकली गोळ्या कुठे कुठे घुसवून दिल्या. नकली गोळीची वेळ आली, चाप ओढला, आवाज नाही काही नाही, आणि पिस्तुलाचं तोंड चांगलं दोन इंच खाली गेलेलं मला माझ्या डोळ्यांनी दिसलं. लाज वाटली खरी. पण त्या नकली गोळ्यांचं पाकीट बारा डॉलरला मिळतं आणि एवढे पैसे वसूल झालेली वस्तू मी या सगळ्या प्रकरणात दुसरी घेतलेली नाही.

आता चारशेनंतर सात यार्डावर दहाच्या दहा त्या ताटात पडतात, त्यातल्या निम्म्या चहाच्या बशीएवढ्या जागेत. पंधरा यार्डावर अजून बोलण्यासारखं काही नाही. बाळगायला सगळ्यात सोपं पिस्तूल चालवायला सगळ्यात अवघड असतं, हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि पहिलंच पिस्तूल म्हणून हेच घेतलं तर बरेच जण चार महिन्यांत ड्रॉवरमध्ये टाकून देतात.

५. मध्येच अडकलं का?

दोनदा, दोन्ही वेळा पहिल्या पन्नासात. एकदा रिकामी पुंगळी बाहेर न पडता स्लाइडमध्ये उभी अडकली, एकदा पुढची गोळी नीट आत सरकली नाही. गोळ्या स्वस्तातल्या होत्या आणि माझं मनगटही सैल होतं. हलक्या पिस्तुलात मनगट सैल असलं की स्लाइडला मागे जायला पुरता टेकू मिळत नाही. पकड सुधारली, गोळ्या बदलल्या, त्यानंतर काही नाही.

६. गोळ्या कुठल्या वापरायच्या?

रेंजवर साध्या गोल टोकाच्या. खिशात ठेवायला बहुतेक लोक हॉलो पॉइंट ठेवतात, म्हणजे टोकाला खड्डा असलेली, जी आत जाऊन फुलते आणि आरपार जाऊन मागच्या माणसाला लागायची शक्यता कमी होते. अडचण अशी की इतक्या आखूड नळीतून .३८० ला तेवढा वेग मिळत नाही, त्यामुळे ती कधी फुलते कधी नाही, आणि फुलली तर पुरेशी खोल जात नाही असाही एक वाद आहे. त्यात मी पडत नाही. जी कुठली ठेवाल त्यातल्या निदान पन्नास आपल्याच पिस्तुलातून अडकल्याशिवाय जातात ना एवढं बघा. आणि .३८० च्या गोळ्या ९ एमएमपेक्षा महाग पडतात, हे पिस्तूल घेतानाच हिशोबात धरा. न्यू जर्सीवाल्यांनी या उत्तरावर जाऊ नये, प्रश्न १५ वाचावा.

७. खिशात म्हणजे खरंच पँटच्या खिशात? नुसतं?

खिशात हो, नुसतं कधीच नाही. खिशाचं वेगळं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान मिळतं, कापडी किंवा कडक प्लॅस्टिकचं, पंधरा ते चाळीस डॉलरमध्ये. त्याची कामं तीन: चाप पूर्ण झाकणं, पिस्तूल उभं धरून ठेवणं, आणि बाहेरून आकार न दिसू देणं. माझ्या होल्स्टरला बाहेरून खरबरीत रबर आहे, पिस्तूल ओढलं की होल्स्टर खिशातच राहतं.

यातला खरा नियम म्हणजे त्या खिशात दुसरं काहीही नाही. किल्ल्या नाहीत, सुटे पैसे नाहीत, च्युइंगगमचा कागद नाही. किल्लीची रिंग चापाच्या कड्यात शिरली तर काय होईल ते सांगायला नको. माझा उजवा पुढचा खिसा आता त्याचा, आणि चाळीस वर्षं ज्या खिशात किल्ल्या टाकल्या तिथे हात जाऊ नये म्हणून मला दोन आठवडे रिकामं होल्स्टर घालून फिरावं लागलं. तुम्हीही तसंच करा, आधी रिकामं.

दुसरं, होल्स्टर बाहेर काढायचं, टेबलावर पिस्तूल त्यात घालायचं, मग दोन्ही मिळून खिशात. खिशातल्या खिशात पिस्तूल होल्स्टरमध्ये सरकवायला जाऊ नये, बोट कुठे आणि तोंड कुठे ते दिसत नाही.

८. याला सेफ्टीचं बटण नाही म्हणे. मग आपोआप उडलं तर?

माझ्याकडच्यावर बटण नाही, बटणवालंही मॉडेल मिळतं. माझ्यावर चापाच्या मध्ये एक पातळ पातं आहे, ते बोटाने बरोबर दाबलं गेलं तरच चाप मागे जातो. बाजूने काही घासलं तर नाही. चाप हलका आहे, मूळ एलसीपीसारखा लांबलचक ओढायचा नाही, म्हणून चालवायला बरा आणि म्हणूनच होल्स्टरशिवाय धोक्याचा. प्रश्न ७ विसरू नका.

पडल्यावर उडतं का, असं आतेभावाने विचारलं. २००८ मध्ये मूळ एलसीपीची सुरुवातीची पिस्तुलं कंपनीने याच कारणासाठी परत मागवली होती, भरलेलं पिस्तूल पडून गोळी सुटायची शक्यता होती म्हणून, आणि भाग बदलून दिले. कोणाकडून जुनं वापरलेलं एलसीपी घेत असाल तर सीरियल नंबर कंपनीला विचारून बघा. आणि कुठलंही पिस्तूल हातातून सुटलं तर झेलायला जायचं नाही, पडू द्यायचं. झेलताना बोट चापावरच जातं.

९. चेंबरमध्ये गोळी ठेवतोस का?

आता हो. पहिला महिना नाही ठेवली, हिंमत नव्हती. कोणी घाई करायला लावत असेल तर ऐकू नका, होल्स्टरवर आणि स्वतःच्या बोटावर विश्वास बसला की मग ठरवा.

१०. बायकोला किंवा आईला हे बरं पडेल ना, छोटंसं आहे तर?

हा प्रश्न पुरुषच विचारतात, बायका कधी विचारत नाहीत. माझ्या बायकोने दुकानातच स्लाइड ओढून बघितली आणि "हे मला नको" म्हणाली. कारण लहान स्लाइडला धरायला जागा कमी आणि आतली स्प्रिंग ताठ. हातात ताकद कमी असेल, संधिवात असेल, तर लहान पिस्तूल उलट त्रासाचं. स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझेड म्हणून २०१८ मध्ये आलेलं मॉडेल आहे, काडतूस हेच .३८० पण स्लाइड ओढायला मुद्दाम सोपी ठेवलेली, आकाराने मोठं, झटका कमी. तिला ते आवडलं. पण ते पँटच्या खिशात मावत नाही, आणि बायकांच्या पँटला खिसे देतातच कुठे.

११. मग सरळ ९ एमएमच का नाही घेतलंस?

बरोबर प्रश्न आहे. २०१८ मध्ये सिग कंपनीचं पी ३६५ पिस्तूल आल्यापासून लहान ९ एमएमचा बाजारच बदलला, तेवढ्याच १० गोळ्या, ताकद जास्त, झटका सहन होण्यासारखा कारण वजन ५०० ग्रॅम. ज्याला कमरेला पट्ट्यावर लावायचंय त्याने तेच घ्यावं, मी स्वतः तेच सांगेन.

माझं कारण ह्यूस्टनची हवा. जुलैमध्ये ३८ डिग्री, अंगाला चिकटलेला टी-शर्ट आणि हाफ पँट, कमरेला काही लावलं तर पाठीमागून बघणाऱ्या लहान पोरालाही कळेल. सिग भाड्याने घेऊन बघितलं, छान आहे, पण रोज लावलं नसतं. आळशी माणूस आहे मी. फक्त झब्बा-पायजम्यात काय करायचं ते अजून सुटलेलं नाही, झब्ब्याच्या बाजूच्या खिशात ४०० ग्रॅम टाकले की सगळा झब्बा एका बाजूला ओढला जातो आणि नाडीच्या पायजम्याला तर काहीच लावता येत नाही. गणपतीत घरीच ठेवणार, आणि तसंही प्रश्न १४ बघा.

१२. टेक्सासमध्ये परवाना लागत नाही ना आता?

१ सप्टेंबर २०२१ पासून, वय २१ पूर्ण आणि कायद्याने बंदूक बाळगायला बंदी नसलेला माणूस असेल तर बाळगायला परवाना लागत नाही. तरी मी परवाना काढला. फी ४० डॉलर, बोटांचे ठसे, चार-सहा तासांचा वर्ग आणि नेमबाजीची परीक्षा, ५० गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डावरून, २५० पैकी १७५ मार्क. परीक्षा मी भाड्याच्या मोठ्या पिस्तुलाने दिली, एलसीपीने द्यायची छाती नव्हती.

परवान्याचा फायदा म्हणजे शेजारच्या लुइझियाना, ओक्लाहोमासारख्या बऱ्याच राज्यांत तो चालतो, आणि शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदुकीला बंदी घालणारा जो फेडरल कायदा आहे त्यातून राज्याच्या परवानाधारकाला सूट आहे. आमच्या सबडिव्हिजनमध्ये कुठल्याही दिशेने निघालो तरी हजार फुटांत शाळा येते. शिवाय त्या वर्गात सहा तास बसून कायदा कानावर पडतो तो वेगळाच. अर्ध्या तासाच्या वर वेळ एकाच गोष्टीवर गेला होता, पार्किंगवरून भांडण झालं म्हणून पिस्तूल नुसतं दाखवलं तरी तो गुन्हा होऊ शकतो.

१३. मी एच-वन-बी वर आहे. घेता येईल का? रेंजवर तरी जाता येईल का?

हा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि इथे चूक झाली तर नोकरी, व्हिसा, ग्रीन कार्ड सगळंच जातं. फेडरल कायद्याप्रमाणे नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला बंदी आहे. नोकरीचा एच-वन, त्यावरच्या बायको-नवऱ्याचा एच-फोर, विद्यार्थ्यांचा एफ-वन, भेटीला आलेल्या आई-बाबांचा बी-टू, सगळे त्यात आले. राज्यात परवाना लागत नाही याचा इथे काही संबंध नाही, ते राज्याचं, हे फेडरल.

काही अपवाद आहेत, त्यातला माहीत असलेला म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना असणं. त्याच्या जोरावर लोक घेतात. पण ते करायचं तर इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारून करा, माझ्या किंवा मित्राच्या भरवशावर नको. बंदूक घेताना दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर खोटं उत्तर देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

रेंजचं काय, तर भाड्याची बंदूक हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडू शकतं. मी एच-वन वर असताना ऑफिसचा सगळा ग्रुप रेंजवर निघाला होता, दारात फॉर्म भरताना व्हिसाचा प्रश्न आला, मी तिथेच पेन ठेवलं आणि दीड तास बाहेर बसून मशीनची बेकार कॉफी प्यायलो. बाकीचे हसले, हसू देत. आपले कितीतरी लोक रेंजवर बंदूक धरून फोटो काढतात आणि वर इन्स्टाग्रामवर टाकतात, ते बघून मलाच घाम फुटतो.

ग्रीन कार्ड असेल तर घेता येतं, दुकानात कार्डाचा नंबर आणि त्या राज्यात राहत असल्याचा पुरावा दाखवावा लागतो, बाकी सगळ्यांची होते तीच एफबीआयची तपासणी.

१३ अ. मी सिटिझन आहे पण बायको एच-फोर वर आहे, किंवा आई-बाबा सहा महिने आलेत. मग?

हा त्यातला खरा गुंता. पिस्तूल तुमचं, पण ज्या तिजोरीची किल्ली किंवा नंबर त्यांच्याकडे आहे, ती त्यांच्याही ताब्यात आहे असं धरलं जाऊ शकतं. म्हणून किल्ली फक्त तुमच्याकडे. बाबांना हौस वाटली म्हणून हातात देऊ नका. माझ्या वडिलांनी "बघू तरी" म्हणून दोन आठवडे सोडलं नाही, शेवटी कंपनीच्या वेबसाइटवरचा फोटो मोठा करून टीव्हीवर दाखवला.

१४. देवळात, शाळेत, मंडळाच्या कार्यक्रमात नेता येतं का?

शाळेच्या इमारतीत नाही. आणि इथे आपली लोकं फसतात, कारण मंडळाचं नाटक, दिवाळीचा कार्यक्रम, गणपतीची आरती हे बहुतेक वेळा भाड्याने घेतलेल्या हायस्कूलच्या ऑडिटोरियममध्ये असतं. रविवार असू दे, मुलं नसू देत, जागा शाळेचीच.

देवळाने दारावर बोर्ड लावला असेल किंवा तोंडी सांगितलं असेल तर बंदी. टेक्सासमध्ये ३०.०५, ३०.०६, ३०.०७ अशा नंबरांचे बोर्ड असतात, ३०.०६ हा परवानाधारकाने लपवून नेण्याविरुद्धचा, ३०.०७ उघड नेण्याविरुद्धचा आणि ३०.०५ विनापरवाना बाळगणाऱ्यांसाठी. बारच्या दारावर लाल ५१% (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची) दिसलं की आत नाहीच. पोस्ट ऑफिस ही फेडरल जागा, तिथे मी पार्किंगमध्येसुद्धा घेऊन जात नाही. बाकी बोर्ड नसला तरी कोणाच्या घरी जेवायला जाताना मी घरीच ठेवून जातो. यजमानाला माहीत नसताना त्याच्या सोफ्यावर खिशात भरलेलं पिस्तूल घेऊन पुरणपोळी खाणं मला बरं वाटत नाही.

१५. दुसऱ्या राज्यात गाडीने जाताना?

राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. टेक्सासचा परवाना कॅलिफोर्निया, इलिनॉय, न्यूयॉर्क, न्यू जर्सी इथे चालत नाही. १९८६ च्या फेडरल कायद्याने नुसतं पार होऊन जायची मुभा आहे, पण पिस्तूल रिकामं, डिकीत, कुलपात, आणि जिथून निघालो तिथे आणि जिथे चाललो तिथेही बाळगणं कायदेशीर असलं पाहिजे. मध्ये मावशीकडे चार दिवस मुक्काम केलात तर ते "पार होणं" राहत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या मित्रांसाठी: तुमच्याकडे मॅगझिनची मर्यादा १० ची, त्यामुळे मॅक्सचं नेहमीचं मॅगझिन बसतं, पण वेगळं मिळणारं १२ चं नाही. आणि हॉलो पॉइंट खिशात घालून बाहेर फिरण्यावर न्यू जर्सीत निर्बंध आहेत. तुमच्या राज्याचा परवाना काढतानाच हे नीट विचारून घ्या.

१६. साफसफाई किती करावी लागते?

गोळ्या झाडल्या नाहीत तरी करावी लागते, कारण खिशातला कापूस. दोन आठवड्यांनी उघडलं तर नळीच्या तोंडाशी निळसर लोकरीचा गोळा, जीन्सचा. घाम असतोच, स्टीलला गंज धरू शकतो. ब्रश, फडकं, थेंबभर तेल, दहा मिनिटांचं काम. आधी मॅगझिन बाहेर, मग चेंबर डोळ्याने बघून आणि बोटाने चाचपून रिकामं, ही पायरी दर वेळी, काल बघितलं होतं हे चालत नाही. खोलताना एक छोटी पिन स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढायची असते, ती वाटीत ठेवा. माझी सोफ्याखाली गेली होती, सव्वा तास.

१७. मुलं आहेत घरात, मग कुठे ठेवतोस?

खिशात नसेल तर तिजोरीत, मधली जागा नाही. फ्रिजवर नाही, कपाटात साड्यांखाली नाही, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये तर नाहीच. बटणं दाबून उघडणारी छोटी लोखंडी पेटी आहे, पलंगाच्या पायाला केबलने बांधलेली. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची, तिच्यापासून लपवलं नाही, सांगून टाकलं की हे आहे, कुठेही दिसलं तर हात लावायचा नाही आणि मोठ्या माणसाला हाक मारायची, मैत्रिणीच्या घरी दिसलं तरी हेच.

१८. भारतात असं मिळतं का? येताना घेऊन ये ना.

पुण्याचा आतेभाव, दर फोनला. नाही आणणार. भारतात शस्त्र कायदा १९५९ चा, परवाना शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी देतात, आणि कारण पटलं तर देतात. परवाना असलेले लोक बहुतेक करून सरकारी कारखान्यातलं .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल घेतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं, परवान्याची मुदत पाच वर्षं, आणि लग्नात हवेत बार काढणं हा आता शिक्षेचा गुन्हा. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायला बोलावतात. गावी आमच्या ओळखीतले एकजण आहेत परवानावाले, ते म्हणतात वापरलं एकदाही नाही, जमा करायला आणि सोडवायला मात्र दर वेळी अर्धा दिवस जातो.

१९. विमानात नेता येतं का?

अमेरिकेतल्या अमेरिकेत हो, पण चेक-इन सामानातच. रिकामं, कुलूप लावलेल्या कडक पेटीत, आणि काउंटरवर स्वतःहून सांगायचं. हातातल्या बॅगेत सापडलं तर मोठा दंड, वर पोलीस.

भारताच्या विमानाला तर नावच काढू नका, पिस्तूल सोडा, एक गोळीसुद्धा नाही. परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हाही तिथे गुन्हाच, मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका काडतुसामुळे लोकांवर केसेस झाल्यात, मग "मला माहीतच नव्हतं" हे कोर्टात सिद्ध करत बसा, सुट्टी गेली, तिकीट गेलं. म्हणून रेंजची बॅग वेगळी आणि प्रवासाची वेगळी.

हे मला माहीत होतं. तरी मेमध्ये मुंबईला निघायच्या आदल्या रात्री लॅपटॉपची सॅक रिकामी करून उलटी झटकली, तर चार्जर पडला, चिवड्याचा चुरा, दोन पेनं, आणि टाइलवर टिंग करून एक पितळेची गोळी. ऑफिसमधून परस्पर रेंजवर गेलो होतो एकदाच, मार्चमध्ये. बायको दारात उभी होती. काही बोलली नाही, सॅक उचलली आणि कचऱ्यात टाकली.